क्रीडा व्यवस्थापनातील ऑनर्स पदवी : एका अभ्यासक्रमाचा इतिहास

क्रीडा व्यवस्थापन हा विषय घेऊन ऑनर्ससह पदवी मिळवणे म्हणजे नेहमीची चार वर्षे चांगल्या गुणांनी पार पाडणे एवढेच नव्हे. अमेरिकेत हा अभ्यासक्रम रुजला आणि तेथील बहुतेक महाविद्यालयांत ऑनर्सच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रश्न निवडावा लागतो, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्याचा शोध घ्यावा लागतो, त्यावर प्रबंध लिहावा लागतो आणि परीक्षकांसमोर त्याचे समर्थन करावे लागते. गुणांच्या टक्क्यांवरून प्रमाणपत्रावर छापला जाणारा ‘कुम लाउडे’सारखा लॅटिन शेरा वेगळा आणि ही ऑनर्स वेगळी. शेरा मिळतो तो एकूण गुणांवर, ऑनर्स मिळते ती एका स्वतंत्र कामावर.

या पदवीमागे दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. पहिली विद्यापीठीय परंपरा हुशार विद्यार्थ्याला वर्गाच्या सरासरी वेगातून मोकळे करू पाहणारी. दुसरी व्यवसायातली, संघमालक आणि स्टेडियमचालकांना प्रशिक्षित माणसे पुरवणारी. दोन्ही अनेक वर्षे एकमेकींना न भेटता वाढल्या. त्या एकत्र आल्या तेव्हा नोकरीसाठी निघालेल्या एका अभ्यासक्रमाला विद्याशाखेचे रूप येण्यास मदत झाली.

ऑक्सफर्ड ते स्वॉर्थमोर

ऑनर्सची मूळ कल्पना इंग्लंडमधली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८०० साली परीक्षांचे नवे नियम केले आणि साधी पदवी घेणारे व ऑनर्ससाठी कठीण परीक्षा देणारे असे दोन मार्ग हळूहळू वेगळे झाले. महाविद्यालयातील शिक्षकाकडे दर आठवड्याला निबंध घेऊन जायचे, त्याने तो तपासायचा, त्यावर उलटसुलट प्रश्न विचारायचे, ही तेथली शिकवण्याची रीत. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर १९०५ साली ऑक्सफर्डला गेलेल्या फ्रँक एडलॉट या अमेरिकी तरुणाच्या मनात ही रीत पक्की बसली. १९२१ साली तो पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला आणि १९२२ साली त्याने तेथे ऑनर्स कार्यक्रम सुरू केला.

स्वॉर्थमोरची पद्धत तेव्हाच्या अमेरिकेत धाडसाची होती. निवडक विद्यार्थ्यांना शेवटची दोन वर्षे नेहमीच्या तासिका आणि सत्र परीक्षांतून सूट मिळे. मोजके विद्यार्थी आणि प्राध्यापक आठवड्याला एकदा चर्चासत्रासाठी बसत, विद्यार्थी आपले टिपण वाचून दाखवत आणि बाकीचे त्याची चिरफाड करत. दोन वर्षांच्या शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा घेण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठांतून बहिःस्थ परीक्षक येत. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा असल्यामुळे प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच बाजूने उभे राहत. हुशार विद्यार्थ्याला सरासरीच्या चालीने चालायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे, ही भूमिका एडलॉटने आयुष्यभर मांडली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचाही हाच विषय होता.

छोट्या खासगी महाविद्यालयांतली ही सोय मोठ्या सरकारी विद्यापीठांत पोहोचली ती शीतयुद्धाच्या काळात. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक अवकाशात सोडला आणि आपले शिक्षण मागे पडत असल्याची भीती अमेरिकेत पसरली. कोलोरॅडो विद्यापीठाचे जोसेफ कोहेन यांनी त्याच सुमारास ऑनर्सच्या प्रसारासाठी विद्यापीठांची समिती उभी केली. तिचे काम थांबल्यावर १९६६ साली नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही संघटना स्थापन झाली. याच वर्षी क्रीडा व्यवस्थापनाचा पहिला मोठा अभ्यासक्रमही सुरू झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण पुढे दोघींची गाठ पडायची होती.

वॉल्टर ओ’मॅली यांचे पत्र

बेसबॉलच्या धंद्यासाठी माणसे तयार करण्याचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. फ्लोरिडा सदर्न महाविद्यालयात १९४९ ते १९५९ या काळात बेसबॉल व्यवसाय प्रशासनाचा अभ्यासक्रम चालत असे. मात्र या शाखेचा वंशवृक्ष जो तो एका पत्रापासून सुरू करतो. ते पत्र ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी १९५७ साली मायामी विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक जेम्स मेसन यांना लिहिले होते.

ओ’मॅली व्यवसायाने वकील. पत्र लिहिले तेव्हा ते मोठ्या पेचात होते. ब्रुकलिनचे जुने एबेट्स फील्ड अपुरे पडत होते, नव्या मैदानासाठी न्यूयॉर्कमध्ये मनाजोगी जागा मिळत नव्हती आणि त्याच वर्षीच्या हंगामानंतर त्यांनी संघ लॉस एंजेलिसला हलवला. तेथे त्यांनी स्वतःच्या भांडवलावर बांधलेले डॉजर स्टेडियम १० एप्रिल १९६२ रोजी खुले झाले. एवढा पसारा चालवायचा तर कोणत्या प्रकारची माणसे लागतात, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून कळत होते.

म्हणूनच पत्रातली यादी फार नेमकी आहे. नौकातळ, घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, बर्फावरील खेळांचे केंद्र, सभागृह, स्टेडियम, प्रदर्शनगृह यांपैकी काहीही चालवण्याचे शिक्षण घेतलेला माणूस शोधायचा तर जायचे कुठे, असा त्यांचा प्रश्न. अशा माणसाला वास्तुविशारदाचे आणि अभियंत्याचे नकाशे वाचता यावेत, कामांचे तपशील ठरवून कंत्राटे देता यावीत, खरेदी खात्याचे काम कळावे. तिकीटविक्री आणि तिचा हिशेब, खाद्यपदार्थांचे ठेके, सामन्याच्या पुस्तिकेतल्या जाहिराती हे सारे त्याला माहीत असावे. चेंडू किती जोरात फेकला जातो किंवा बॅट कशी धरावी, याचा यादीत उल्लेख नाही. खेळ शिकवणारे शारीरिक शिक्षणाचे पदवीधर अमेरिकेत पुष्कळ होते. कमतरता होती ती खेळाच्या भोवतीचा संसार सांभाळणाऱ्यांची.

मेसन यांनी मायामीत आराखडा तयार केला, पण तो तेथे उभा राहिला नाही. पुढे ते ओहायो राज्यातील अथेन्स गावच्या ओहायो विद्यापीठात आले आणि १९६६ साली तेथे क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७१ साली ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने दुसरा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. त्याच्या उभारणीत क्रीडा इतिहासाचे अभ्यासक गाय लुइस यांचा मोठा वाटा होता.

पदवीच्या वर्गात

पदवी स्तरावर सुरुवात केली ती फ्लोरिडातील बिस्केन महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या सेंट थॉमस विद्यापीठाने, आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाने. ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हे अभ्यासक्रम अमेरिकाभर पसरले.

या वाढीमागे ठोस कारणे होती. २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास बंदी आली. महाविद्यालयांना मुलींचे संघ उभारणे भाग पडले. त्या संघांबरोबर वेळापत्रके, अंदाजपत्रके, प्रवास आणि कायद्याचे पालन यांचे काम वाढले. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील एनसीएए या संघटनेचे नियंत्रण मोडून काढले आणि दूरचित्रवाणीचे हक्क हा करारमदारांचा मोठा विषय बनला. त्याच वर्षी पीटर युबेरॉथ यांच्या समितीने लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक बहुतांशी जुन्या मैदानांवर आणि मोजक्या पण मोठ्या प्रायोजकांच्या बळावर भरवले. आठ वर्षांपूर्वी मॉन्ट्रियल शहर ऑलिंपिकपायी कर्जात बुडाले होते. लॉस एंजेलिसच्या हाती मात्र २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली. क्रीडा व्यवस्थापन हा पोटापाण्याचा विषय आहे, हे पालकांना आणि विद्यार्थ्यांना पटवून देण्यास हे उदाहरण पुरेसे होते.

वाढ झाली, पण पाया कच्चा होता. पुष्कळ ठिकाणी शारीरिक शिक्षणाचा जुना विभाग वर्गसंख्या घटू लागल्यामुळे नव्या नावाने उभा राहिला. व्यवस्थापनाचे दोन-तीन विषय जोडले, शेवटच्या सत्रात इंटर्नशिप लावली की पदवी तयार होत असे. इंटर्नशिपमधून विद्यार्थ्याला कामाची सवय लागे आणि ओळखी होत. मात्र चाललेले काम तसेच का चालते, हे विचारण्याची संधी तिच्यात क्वचितच मिळे.

विद्याशाखेची उभारणी

हा पाया पक्का करण्यासाठी १९८५ साली नॉर्थ अमेरिकन सोसायटी फॉर स्पोर्ट मॅनेजमेंट ही संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी तिचे पहिले अधिवेशन ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात भरले आणि १९८७ साली तिचे ‘जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट’ निघू लागले. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठाचे अर्ल झाइग्लर हे या पिढीतले ज्येष्ठ विचारवंत.

याच वर्तुळात एक भारतीय नाव अग्रभागी आहे : पॅकियनाथन चेल्लादुराई. भारतात जन्मलेले आणि बास्केटबॉलच्या मैदानावर घडलेले चेल्लादुराई मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते महाविद्यालय १९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकी शिक्षकाने काढले होते. चेल्लादुराई पुढे वेस्टर्न ऑन्टारियोत आणि नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. सहसंशोधक सालेह यांच्याबरोबर त्यांनी १९८० साली प्रशिक्षकाचे नेतृत्व मोजणारी ४० विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. प्रशिक्षण, लोकशाही वर्तन, हुकूमशाही वर्तन, सामाजिक आधार आणि कौतुक अशा पाच अंगांनी ती नेतृत्वाकडे पाहते. खेळाडूला कसे वागवलेले आवडते, प्रत्यक्षात कसे वागवले जाते आणि त्या दोहोंतले अंतर त्याच्या समाधानावर काय परिणाम करते, हे त्यामुळे तपासता येऊ लागले. १९८५ सालच्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाने क्रीडा संघटनेचा सिद्धान्ताच्या अंगाने विचार करायला शिकवले.

अभ्यासक्रमात किमान काय असावे, याची मानके १९९३ साली ठरली. क्रीडा विपणन, वित्त, कायदा, नीती, प्रशासनव्यवस्था, खेळाचे समाजशास्त्र आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव हे विषय त्यांत आले. २००८ पासून कॉस्मा ही संस्था अधिस्वीकृतीचे काम पाहते.

ऑनर्सचे वर्ष

मानकांमुळे साध्या पदवीचा दर्जा सावरला आणि ऑनर्सच्या कामाला आधार मिळाला. प्रबंधासाठी आधी वाचायला संशोधन हवे, मोजायला साधने हवीत आणि स्वतः संशोधन केलेला मार्गदर्शक हवा. या तिन्ही गोष्टी ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतच मिळू लागल्या. त्याच काळात पदवीच्या विद्यार्थ्यांनी संशोधन करावे ही चळवळही अमेरिकेत जोर धरत होती. एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकार यांनी १९६९ सालीच तसा कार्यक्रम सुरू केला होता आणि १९८७ साली ॲशव्हिल येथे पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. खुद्द ओहायो विद्यापीठाने १९७२ साली ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्स ट्युटोरियल कॉलेज उभे केले होते. क्रीडा प्रशासनाच्या पहिल्या मोठ्या अभ्यासक्रमाच्याच आवारात ऑक्सफर्डची रीत नांदू लागली होती.

ऑनर्स पूर्ण करण्याचा क्रम विद्यापीठागणिक थोडाफार बदलतो, पण त्याची घडण बहुतेक ठिकाणी एकसारखी आहे. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी लहान वर्गांतले ऑनर्सचे विषय घेतो आणि ठरावीक सरासरी राखतो. तिसऱ्या वर्षी संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकतो आणि मार्गदर्शक शोधतो. त्या वर्षाच्या अखेरीस प्रस्ताव मंजूर करून घेतो. चौथे वर्ष माहिती गोळा करण्यात, तिचे विश्लेषण करण्यात आणि लेखनात जाते.

एखादा विद्यार्थी महाविद्यालयाच्या बास्केटबॉल सामन्यांना प्रेक्षक पुन्हा पुन्हा का येतात, हा प्रश्न घेतो असे मानू. केवळ अंदाजावर येथे काम भागत नाही. प्रेक्षकाचे संघाशी असलेले नाते मोजण्यासाठी डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९३ साली सात प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आठ पायऱ्यांपैकी एका पायरीवर द्यायचे असते. ती वापरायची की नाही, वापरली तर सामन्याआधी भरून घ्यायची की नंतर, याचा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावा लागतो. संघ जिंकल्यावर बाहेर पडणारा प्रेक्षक जेवढे प्रेम व्यक्त करतो तेवढे हरल्यावर करीलच असे नाही, म्हणून हा निर्णय साधा नसतो. मोसमाचे तिकीट असलेले आणि आयत्या वेळी आलेले प्रेक्षक वेगळे नोंदवावे लागतात.

त्याआधी एक पायरी चुकत नाही. माणसांवरील संशोधनाबाबत अमेरिकेने १९७४ साली कायदा केला आणि १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाने त्यामागची तत्त्वे सांगितली. माणसांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यालाही विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. उत्तर देणाऱ्याची संमती कशी घेणार, त्याचे नाव कसे गुप्त ठेवणार, खेळाडूने नकार दिला तर त्याला प्रशिक्षकाचा रोष पत्करावा लागणार नाही याची खात्री काय, असे प्रश्न समिती विचारते. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्ज परत येतो. विशीतल्या विद्यार्थ्यासाठी हा व्यावसायिक नीतीचा पहिला खरा धडा ठरतो.

शेवटी समर्थनाचा दिवस. मार्गदर्शक आणि आणखी एक-दोन प्राध्यापक समोर असतात. नमुना इतकाच का घेतला, निष्कर्ष दुसऱ्या महाविद्यालयाला लागू होईल का, तिकीट विभागाने या माहितीचे नेमके करायचे काय, असे प्रश्न येतात. दुरुस्त्या सुचवल्या जातात, त्या करून प्रबंध ग्रंथालयात जमा होतो आणि मग ऑनर्स पूर्ण होते. ओ’मॅलींच्या यादीतली तिकीटविक्री आणि एडलॉटचे चर्चासत्र अशा प्रबंधात एकत्र येतात.

बदलते विषय

प्रबंधांच्या विषयांना पुढे नव्या वाटा फुटल्या. प्रायोजकांना काय मिळते, स्टेडियममुळे शहराचा फायदा होतो का, मुलींच्या संघांना न्याय्य वाटा मिळतो का, हे प्रश्न मुळातच या शाखेचे. २००३ साली मायकेल लुइस यांचे ‘मनीबॉल’ पुस्तक आले आणि कमी पैशांत संघ उभा करणाऱ्या ओकलंडच्या बेसबॉल संघाची गणिती पद्धत सर्वांना कळली. २००७ साली एमआयटीत क्रीडा विश्लेषणावरची वार्षिक परिषद सुरू झाली आणि संख्याशास्त्रात रस असलेल्या विद्यार्थ्यांना नवे क्षेत्र मिळाले. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. जे विद्यार्थी हा विषय अभ्यासतात, त्यांच्याच वर्गात बसणारे खेळाडू आता करार करतात.

भारत आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, कांदिवलीची शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था १९३८ सालची. क्रीडासंस्थांचा कारभार मात्र दीर्घकाळ हौशी आणि मानद पदाधिकाऱ्यांच्या हाती राहिला. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि पहिले आठ संघ ७२ कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले. २०१४ साली प्रो कबड्डी आली. संघ चालवण्यासाठी शिकलेली माणसे हवीत, ही ओ’मॅलींची गरज इथेही जाणवू लागली. मुंबईत २०१० साली माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट सुरू केली. २०२० साली राज्य विधिमंडळाने पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभारण्याचा कायदा मंजूर केला.

दुसरी परंपराही आता इथे पोहोचली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० श्रेयांकांची. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करून ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली.

अशा प्रकल्पांसाठी राज्यात विषयांची वाण नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या संकुलाचा पुढच्या तीस वर्षांत वापर कसा झाला, हा मोठा प्रश्न आहे. तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बिनसले आणि क्लबच्या ब्रेबॉर्न स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहून १९७५ साली तेथे पहिली कसोटी झाली, हे प्रकरण क्रीडा व्यवस्थापनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. गावोगावच्या कुस्तीच्या फडांचे अर्थकारण, कबड्डीपटूंचे करार, तालुका क्रीडा संकुलांची देखभाल यांवर पदवीच्या विद्यार्थ्याला करण्याजोगे भरपूर काम आहे.

अमेरिकेतला इतिहास या बाबतीत स्पष्ट आहे. इंटर्नशिपने या पदवीला नोकऱ्या मिळवून दिल्या, तर प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर तपासून घेणाऱ्या ऑनर्सच्या विद्यार्थ्यांनी तिला विद्यापीठात मान मिळवून देण्यास हातभार लावला. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी चौथे वर्ष केवळ वाढीव श्रेयांकांचे वर्ष मानू नये. मार्गदर्शक, ग्रंथालय, नीतिसमिती आणि कठोर तोंडी परीक्षा यांची सोय आधी करावी. ती केली तरच ऑनर्स हा शब्द पदवीवर लिहिण्यास अर्थ आहे.